रौझा आणि बादशहा

आमच्या वरवट बकालहून सातपुड्याचा घाट उतरला की बऱ्हाणपूर. लहानपणी वाटे, ज्यांच्या नावाचे शहर ते बुऱ्हाणुद्दीनबाबा तिथेच निजले असतील. पण बाबांची कबर आहे खुलताबादेत, वेरूळच्या शेजारी. निजामुद्दीन औलियांचे हे शिष्य दिल्ली सोडून दौलताबादेस आले आणि १३३७ साली वारले. पुढे खानदेशच्या फारुकींनी तापीकाठी वसवलेल्या शहराला त्यांचे नाव दिले. पैलतीरीचे झैनाबाद त्यांच्या शिष्याच्या, झैनुद्दीन शिराझींच्या नावाचे.

२०२५ साली औरंगजेबाच्या कबरीवरून वाद पेटला, तेव्हा खुलताबाद म्हणजे बादशहाचे गाव, असेच जो तो बोलत होता. मला वाईट वाटले. गावाचे जुने नाव ‘रौझा’, म्हणजे दर्गा. बादशहा १७०७ मध्ये तिथे आला तो झैनुद्दीनबाबांच्या अंगणात जागा मागून. पहिला निजाम १७४८ मध्ये बऱ्हाणपुरात वारला. त्यालाही बुऱ्हाणुद्दीनबाबांच्या आवारातच नेऊन पुरले.

बाबांना लोक ‘गरीब’ म्हणत. मराठीत गरीब म्हणजे निर्धन. मूळ अरबीत मात्र त्याचा अर्थ परका, परमुलखातला.