चुन्याच्या भिंतीवरील इतिहास

इतिहासाची साधने म्हटली की आपल्यापुढे ताम्रपट, शिलालेख आणि बखरी उभ्या राहतात. भिंतीवरील गिलावा मात्र कोणी साधन मानीत नाही. गोव्याच्या पेडणे आणि डिचोली या तालुक्यांत तोही वाचण्याजोगा आहे.

हे दोन्ही महाल पूर्वी सावंतवाडीकर भोसल्यांकडे होते. डिचोली १७८१ मध्ये व पेडणे १७८८ मध्ये पोर्तुगिजांच्या हाती गेले. तिसवाडी, बारदेश व साष्टी येथील देवळे सोळाव्या शतकात जमीनदोस्त झाली; ती लाट तोवर ओसरली होती, म्हणून येथील देवळे वाचली. दिवाडी बेटावरील सप्तकोटेश्वर नदीपलीकडे नार्व्यास आला तो याच आश्रयासाठी. १६६८ च्या नोव्हेंबरात शिवछत्रपतींनी त्याच्या देवळाचा जीर्णोद्धार आरंभविला.

या प्रदेशातील दगड जांभा. सच्छिद्र आणि पाणी पिणारा. वर्षाकाठी सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस त्यावर कोसळतो. याला उतारा समुद्राने दिला. शिंपले भट्टीत भाजून त्यांचा चुना करीत. तो विरवून, त्यात वाळू व गूळ घालून, कित्येक दिवस मुरवून कुटीत. भिंतीवर चढलेला हा चुना हवेतील कर्बवायू शोषून हळूहळू पुन्हा दगडासारखा होतो. शिंपल्याचे जे द्रव्य आगीत मोडले, तेच भिंतीवर पुन्हा जुळते. शिवाय असा गिलावा भिंतीतील ओल बाहेर जाऊ देतो.

या पांढऱ्या गिलाव्यावर तांबड्या मातीचा, म्हणजे कावेचा, थर देत आणि तो ओला असतानाच टोकदार सळईने नक्षी कोरीत. तांबडे खरवडले की खालचे पांढरे उमटे. हीच कावी कला. इटलीतील कारागीरही थर खरवडून अशी नक्षी काढीत. तिला ते स्ग्राफितो म्हणत. आपल्या कारागिराजवळ रंग दोनच होते, एक समुद्राचा आणि एक मातीचा. मोरजीची मोरजाई आणि पार्से येथील भगवती यांची देवळे या कलेसाठी ओळखली जातात.

दुर्दैव असे की, राजवटींच्या उलथापालथीतून जे निभावले, ते आता भाविकांच्या हौसेपुढे टिकेनासे झाले आहे. जीर्णोद्धाराच्या नावाखाली जुना गिलावा खरवडून सिमेंट थापतात, त्यावर तैलरंग किंवा फरशा चढवितात. जांभ्यातील ओल आत कोंडते आणि काही पावसाळ्यांतच नव्या गिलाव्याचे पापुद्रे सुटू लागतात. कावीची नक्षी तर एकदा पडली की परत जोडता येत नाही.

नार्व्याचे देऊळ गोवा शासनाने जतन करून फेब्रुवारी २०२३ मध्ये भक्तांस पुन्हा खुले केले. जुने न पाडताही देवाचे वैभव राखता येते, हे तेथे दिसते. गावोगावच्या देवस्थान मंडळींनी छिन्नी उचलण्यापूर्वी एवढेच करावे: ती भिंत एकदा नीट पाहावी. आपल्या पूर्वजांची सही तिच्यावर आहे.