गाण्यांच्या पुस्तिका हाही इतिहासच

आमच्या टेमघरकडे कव्वाली उरुसाला लागते, भीमजयंतीलाही लागते. याचा अभ्यास कुणी करावा? पुणे विद्यापीठात समाजशास्त्र शिकवणाऱ्या शर्मिला रेगे (१९६४-२०१३) यांनी अशाच गाण्यांना विद्यापीठाचं दार उघडलं. २००२ साली त्यांनी लावणी आणि पोवाड्यावर लिहिलं. लोककला म्हणून कौतुक करताना तिच्यामागची जात आणि बाई आपण विसरतो, हे त्यांनी दाखवलं. २००८च्या लेखात चैत्यभूमी-दीक्षाभूमीवर विकल्या जाणाऱ्या पुस्तिका आणि गाणी त्यांनी अभ्यासली. सुशिक्षित मंडळी जिला व्यक्तिपूजा म्हणून नाक मुरडत, तिथे त्यांना विचारांची देवघेव दिसली. मला तर ही खरी संशोधकाची नजर वाटते.

आपल्याकडे काय? बार्शीचे मेहबूब पटेल शाहीर अमर शेख झाले, संयुक्त महाराष्ट्रासाठी गात फिरले. प्रल्हाद शिंदेंनी विठ्ठलगीतं, भीमगीतं आणि कव्वाल्याही गायल्या. पण भिवंडीच्या लूम कामगारांच्या वस्त्यांत रात्ररात्र रंगलेल्या कव्वालीच्या सामन्यांचं काय? तेव्हाच्या कॅसेटी, उर्दू-मराठी छापील पानं आज भंगारात जातायत. कुणाच्या घरी असतील तर रद्दीवाल्याच्या आधी, मेहरबानी करून, मला आवाज द्या.