विद्यापीठ आणि गाव यांची भागीदारी : सातारा-सांगली परिसराचा ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना :
संयुक्त राष्ट्रसंघाने २०१५ मध्ये स्वीकारलेल्या सतरा शाश्वत विकास उद्दिष्टांपैकी अखेरचे उद्दिष्ट भागीदारीचे आहे. विद्यापीठे व महाविद्यालयेही आज ग्रामपंचायती आणि स्वयंसेवी संस्थांशी सामंजस्य करार करीत आहेत. सातारा-सांगली परिसरात मात्र विद्या आणि गाव यांच्या भागीदारीला शतकाचा इतिहास आहे. ही भागीदारी कशामुळे टिकते, याचा विचार प्रस्तुत लेखात दोन प्रयोगांच्या आधारे केला आहे.

साताऱ्याचा प्रयोग :
कर्मवीर भाऊराव पाटील यांनी ४ ऑक्टोबर १९१९ रोजी कराडजवळील काले येथे रयत शिक्षण संस्था स्थापन केली. १९२४ मध्ये साताऱ्यात सर्व जातिधर्मांच्या मुलांचे वसतिगृह सुरू झाले. १९२७ मध्ये महात्मा गांधींच्या हस्ते त्यास छत्रपती शाहू महाराजांचे नाव देण्यात आले. घरोघरच्या मूठमूठ धान्याने वसतिगृहाला आधार दिला, तर विद्यार्थ्यांनी शेतात श्रम केले. १९४७ मध्ये स्थापन झालेल्या छत्रपती शिवाजी महाविद्यालयात 'कमवा आणि शिका' या योजनेद्वारे हेच तत्त्व उच्च शिक्षणात आले. १९४८ मध्ये शासनाचे अनुदान काही काळ थांबले, तरी संस्था कोलमडली नाही. देणाऱ्यांमध्ये गावही होते, हे त्याचे प्रमुख कारण होय.

सांगलीचा प्रयोग :
१९८२ च्या गिरणी संपानंतर मुंबईहून परतलेल्या कामगारांना खानापूर तालुक्यात दुष्काळाने गाठले. डॉ. भारत पाटणकर यांच्या नेतृत्वाखालील मुक्ती संघर्ष चळवळीने दुष्काळाची कारणे शोधण्यास प्रारंभ केला. त्यातूनच येरळाकाठच्या बलवडी व तांदुळवाडी गावांनी ऐंशीच्या दशकाच्या उत्तरार्धात बळीराजा धरण उभारण्याचे काम हाती घेतले. नदीतील वाळूच्या मर्यादित विक्रीचा पैसा आणि श्रमदान हे त्याचे भांडवल होते. अभियंता के. आर. दाते यांच्यासारख्या तज्ज्ञांनी तांत्रिक साहाय्य केले. परंतु पाण्याचे वाटप कसे व्हावे, हे गावाने ठरविले. भूमिहीन कुटुंबालाही पाण्यात वाटा, हे त्या निर्णयाचे वैशिष्ट्य होते. येथे पुढाकार विद्यापीठाचा नव्हता, हेही लक्षात घेणे आवश्यक आहे.

निष्कर्ष :
पहिल्या प्रयोगात गावाने दिले, दुसऱ्यात गावाने ठरविले. आजच्या अनेक करारांत मात्र गावाचा उल्लेख 'लाभार्थी' असा होतो. शिबिर संपते, अहवाल मूल्यांकनासाठी जोडला जातो आणि संबंध तेथेच थांबतो. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये समाजाशी निगडित कार्याला स्थान मिळाले असल्याने ही उणीव दूर करण्याची संधी आहे. त्यासाठी अभ्यासाचा प्रश्न ग्रामसभेत ठरावा, निष्कर्षही प्रथम ग्रामसभेत मांडले जावेत आणि विद्यार्थ्यांच्या श्रमाला श्रेयांक मिळावेत. अन्यथा भागीदारी कागदावरच राहील. आणि ज्या परिसरात गावाने विद्येला पोसले, तेथे ती विद्येची गावाशी प्रतारणा ठरेल.