एका वर्गात २५ जण आणि एकच प्लग : एनएसएसच्या शिबिरात खोली कशी लावायची?

हिवाळा लागला की हिंगोली, वसमत, कळमनुरी, सेनगाव, औंढा नागनाथ इथल्या कॉलेजांत एनएसएसच्या विशेष शिबिराची गडबड सुरू होते. सात दिवस, दत्तक गाव, मुक्काम बहुतेक वेळा जिल्हा परिषदेच्या शाळेत. सोबत काय आणायचं याची यादी मिळते : सतरंजी, चादर, ताट, वाटी, टॉर्च. हे सगळं ठेवायचं कुठं, हे मात्र त्या यादीत नसतं.

मग पहिल्या रात्री खिडकीत ओले टॉवेल, दारात चपलांचा ढीग, मधोमध बॅगा आणि एका प्लगभोवती दहा चार्जर असं चित्र दिसतं. तिसऱ्या दिवशी कुणाचा तरी मोजा हरवतो, पाचव्या दिवशी कुणाचे तरी पैसे सापडत नाहीत आणि मग भांडणं.

हे टाळता येतं का? येतं. पण त्याआधी पसारा का होतो ते समजून घेऊ.

आधी गणित बघा

राष्ट्रीय सेवा योजना म्हणजे एनएसएस २४ सप्टेंबर १९६९ ला, गांधीजींच्या जन्मशताब्दी वर्षात सुरू झाली. तेव्हा ३७ विद्यापीठं आणि ४० हजार विद्यार्थी होते. आज एका युनिटमध्ये साधारण १०० स्वयंसेवक असतात आणि त्यातले निम्मे, म्हणजे ५० जण शिबिराला जातात.

समजा २५ मुलं आणि २५ मुली आहेत. प्रत्येकाला एकेक वर्ग मिळाला आणि तो वर्ग २० बाय २० फुटांचा आहे. म्हणजे ४०० चौरस फूट. माणशी आले १६. एक सतरंजी ६ फूट लांब आणि अडीच फूट रुंद धरली तर तिलाच १५ चौरस फूट लागतात. उरला १ चौरस फूट. त्यातच बॅग, बूट, बादली आणि चालायची वाटही.

तुलनेसाठी सांगायचं तर आपत्तीनंतरच्या निवाऱ्यांसाठी जगभर वापरली जाणारी 'स्फिअर' मानकं माणशी किमान साडेतीन चौरस मीटर, म्हणजे सुमारे ३८ चौरस फूट जागा असावी असं सांगतात. शिबिर सात दिवसांचंच असतं, त्यामुळे चालून जातं. पण एवढ्या जागेत प्रत्येकाने आपापलं बघून चालत नाही. खोली सगळ्यांनी मिळून, पहिल्याच दिवशी लावावी लागते.

पहिल्या अर्ध्या तासात करायच्या गोष्टी

१. बॅगा उघडायच्या आधी खोलीचे चारही बाजूंनी फोटो काढा. बाक कुठं होते, भिंतीवर कोणते तक्ते होते, कपाटावर काय होतं, हे शेवटच्या दिवशी लागणार आहे.

२. बाक बाहेर काढू नका. दोन-तीन बाक एका भिंतीला लावले की बॅगांचं रॅक तयार होतं. जड बॅगा खाली, हलक्या वर. प्रत्येक बॅगेवर नाव लिहिलेली चिकटपट्टी लावा. काळ्या रंगाच्या सारख्या दिसणाऱ्या बॅगा निम्म्या जणांकडे असतात.

३. दारापासून समोरच्या भिंतीपर्यंत दोन फुटांची वाट मोकळी सोडा. रात्री लाईट गेली आणि कुणाला बाहेर जायचं असलं तर हीच वाट कामाला येते. जागा कमी पडली तर चार-पाच जणांची झोपायची सोय दुसऱ्या खोलीत करा, पण वाट बुजवू नका.

४. दोरी आणि चिमटे घरूनच न्या. ओले कपडे बाहेर व्हरांड्यात. खोलीत ओलं काहीही नको.

५. फावडी, टिकाव, घमेली खोलीत आणायचीच नाहीत. व्हरांड्यात एक कोपरा ठरवा आणि रोज संध्याकाळी मोजून ठेवा.

६. एक एक्स्टेंशन बोर्ड न्या आणि तो वाटेपासून लांब, भिंतीलगत ठेवा. चार्जिंगचे दोन गट करा : अर्ध्यांनी श्रमदानाहून आल्यावर, अर्ध्यांनी जेवणानंतर.

दिवसा शाळा भरत असेल तर सकाळी वळकट्या बांधून एकावर एक रचाव्या लागतात. त्या उंच रचू नका, पोरं त्यावर चढतात.

खाऊचा डबा आणि साप

हा भाग गंमतीचा नाही. घरून आणलेला चिवडा, लाडू, बिस्किटांचे उघडे पुडे बॅगेत राहिले की मुंग्या येतात, मग उंदीर येतात आणि उंदरांमागे साप येतो. मण्यार हा आपल्याकडचा अतिविषारी साप रात्री फिरतो आणि जमिनीवर झोपलेल्या माणसांना चावल्याच्या घटना जास्त असतात. थंडीत सापांचा वावर कमी होतो, पण थांबत नाही. विंचू तर बुटात आणि कपड्यांच्या ढिगातही सापडतो.

म्हणून सगळा खाऊ झाकणाच्या एकाच मोठ्या डब्यात ठेवा. अंथरूण भिंतीपासून थोडं लांब घाला. झोपण्याआधी ते झटका आणि सकाळी बूट उलटे करून आपटल्याशिवाय पाय घालू नका. मच्छरदाणी असेल तर तिच्या कडा अंथरुणाखाली खोचा.

मण्यारचा दंश बऱ्याचदा दुखतही नाही आणि खूणही नीट दिसत नाही. रात्री उठून कुणी पोटदुखी, जड झालेल्या पापण्या किंवा श्वास घ्यायला त्रास होतोय असं सांगितलं तर सकाळची वाट बघू नका. जखम कापणं, चोखणं, आवळून बांधणं यातलं काही करू नका. १०८ ला फोन करा आणि थेट सरकारी रुग्णालय गाठा.

माणसांचं काय?

पैसे आणि मौल्यवान वस्तू शक्यतो नेऊच नका. नेल्याच तर पहिल्या दिवशी कार्यक्रम अधिकारी सरांकडे किंवा मॅडमकडे नोंद करून द्या. काही हरवलं की संशय आधी शेजाऱ्यावर जातो आणि ती मैत्री पुन्हा जुळणं अवघड असतं.

कुणाला दमा असेल, फिट येत असेल, रोजची गोळी असेल तर ते औषध बॅगेच्या तळाशी नको. ते कुठं ठेवलंय हे शेजारच्या दोघांना माहीत हवं.

मुलींच्या खोलीत एका कोपऱ्याला दोरी बांधून चादरीचा पडदा करा. सॅनिटरी पॅड आणि जुन्या कागदांची एक पिशवी तिथंच सगळ्यांसाठी ठेवा, म्हणजे कुणाला मागावं लागत नाही.

झाडलोटीची पाळी रोज बदलू द्या आणि कागदावर लिहून दाराला लावा. तोंडी ठरलेली पाळी दुसऱ्या दिवशी कुणाचीच नसते.

हेच परदेशातही

अशा शिबिरांची परंपरा जुनी आहे. पहिल्या महायुद्धानंतर १९२० मध्ये स्विस इंजिनिअर पिएर सेरेसोल काही सोबत्यांना घेऊन फ्रान्समध्ये व्हर्दनजवळ उद्ध्वस्त झालेलं एक गाव उभं करायला गेले. त्यातूनच आंतरराष्ट्रीय श्रमशिबिरं सुरू झाली. १९३४ च्या बिहार भूकंपानंतर ते भारतातही आले होते. महाराष्ट्रात बाबा आमटेंनी १९६७ मध्ये सोमनाथला श्रमसंस्कार छावणी सुरू केली.

उद्या तुम्ही स्वयंसेवक म्हणून परदेशात गेलात तर सतरंजीच्या जागी दुमजली पलंग असेल, बाकी गणित तेच. तिथं दोन गोष्टी जास्तीच्या लक्षात ठेवा. आपला एक्स्टेंशन बोर्ड नेला तर एका अडॅप्टरवर चार जणांचे मोबाईल चार्ज होतात. फक्त चार्जरवर १०० ते २४० व्होल्ट लिहिलंय का ते बघा. आणि अंथरूण घालण्याआधी गादीच्या शिवणीत ढेकूण आहेत का ते टॉर्चने तपासा. बॅग गादीवर ठेवू नका, नाहीतर ढेकूण तुमच्यासोबत घरी येतील.

शेवटचा दिवस

निरोपाच्या कार्यक्रमाआधी एक तास राखून ठेवा. पहिल्या दिवशीचे फोटो उघडा आणि बाक, तक्ते, खडूचा डबा जिथल्या तिथं लावा. शिबिर संपलं की तुम्ही बसने हिंगोलीला याल, पण सोमवारी त्या वर्गात तिसरीची पोरं बसणार आहेत. त्यांना आपली जागा आपल्यासारखीच सापडली पाहिजे.