न्हाणीचं पाणी केळीला

वसईच्या पश्चिम पट्ट्यात, निर्मळ, भुईगाव, गास, नंदाखाल या बाजूला, न्हाणीची जागा उतार बघून ठरवत. पाणी कुठे जाणार ते आधी, आडोसा नंतर. आमची न्हाणी झापांची होती. आत दगडी फरशी, बाहेर अळू आणि कर्दळ, त्यापलीकडे राजेळी केळी.

रविवारी सकाळी मिस्सेला जायचं म्हणून आजी शनिवारी दुपारीच रिठे भिजत घाली. चुलाणावर तांब्याचा हंडा, खाली वाळक्या झावळ्यांचा जाळ. अंगाला घोसाळ्याची जाळी, टाचांना वजरी, दातांना भाताच्या तुसाची राखुंडी. पुढे माकडछाप काळं दंतमंजन आलं, साबणाच्या वड्या आल्या, पण आजीचे रिठे सुटले नाहीत.

यातलं सगळंच चांगलं होतं असं मी म्हणणार नाही. तुसाच्या राखेत मुख्यतः सिलिका असते. ती रोज घासली की दातांवरचं कवच झिजतं. ती सवय गेली, बरं झालं. रिठाही वाटतो तितका निरुपद्रवी नाही. त्याचा फेस सॅपोनिनमुळे येतो आणि सॅपोनिन तळ्यात उतरलं तर मासे मरतात. मातीत मात्र ते कुजून जातं. रिठा बावखलाकाठी न्यायचा नाही, असा आमच्या घरचा दंडकच होता.

वसईबाहेरच्या वाचकांसाठी सांगते: बावखल म्हणजे वाडीत खणलेलं तळं. खणलेली माती भरावाला जाई आणि खड्ड्यात पावसाचं पाणी साठे. ते हळूहळू झिरपून विहिरी गोड ठेवी आणि समुद्राच्या खाऱ्या पाण्याला आत येऊ देत नसे. बावखलावर रहाट फिरत, पानवेली आणि केळी त्यावर जगत. आम्ही मुलं केळीच्या खांबाला धरून तिथेच पोहायला शिकलो. विहिरीतून उपसलेलं पाणी अंगावरून केळीच्या आळ्यात आणि तिथून पुन्हा जमिनीत जाई. आमच्या पूर्वजांची स्वच्छता मला रिठ्यापेक्षा या वाटेत दिसते.

ती वाट तुटली. 1990 मध्ये सिडको या भागाची नियोजन प्राधिकरण झाली, इमारती वाढल्या, विहिरींचं पाणी टँकरने विकलं जाऊ लागलं आणि बावखलं भरावाखाली गेली. हरित वसई संरक्षण समितीने आणि फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी याविरुद्ध आवाज उठवला. तरीही आज बहुतेक मोऱ्यांचं पाणी फेसासकट गटारात जातं. आपण ‘नैसर्गिक’ शांपू घेतो, पण मोरीचा पाइप कुठे उघडतो ते पाहत नाही. माझ्या मते बाटलीवरच्या लेबलाहून तो पाइप महत्त्वाचा.

ज्यांच्या घरामागे अजून चार केळी आहेत, त्यांनी न्हाणीचं पाणी त्या केळींकडे वळवावं, साबण बेताने वापरावा आणि वाडीतलं बावखल कुणालाही बुजवू देऊ नये.