मुंबईतील दोन कार्टर : शरीरक्रियेच्या अभ्यासाचा एक दुर्लक्षित अध्याय

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास मुंबई इलाख्याच्या वैद्यकीय सेवेत कार्टर आडनावाचे दोन इंग्रज डॉक्टर होते. दोघांचेही पहिले नाव हेन्री. त्यामुळे वाचकांची गल्लत सहज होते.

हेन्री व्हॅनडाइक कार्टर (१८३१–१८९७) यांनी ‘ग्रेज ॲनाटॉमी’ या ग्रंथाची चित्रे काढली. ग्रंथ प्रसिद्ध झाला त्याच वर्षी, १८५८ मध्ये, ते मुंबईस आले. ग्रँट मेडिकल कॉलेजात त्यांनी शरीररचना व शरीरक्रिया हे विषय शिकविले. साताऱ्यास ते सिव्हिल सर्जनही होते. मानवी देहाचा अभ्यासक म्हणून त्यांचे नाव टिकले.

हेन्री जॉन कार्टर (१८१३–१८९५) यांचे कार्य शास्त्रदृष्ट्या तितकेच मोलाचे, तरी महाराष्ट्रात ते जवळजवळ विस्मृत आहे. मुंबईच्या तळ्यांतील गोड्या पाण्याचे स्पंज हा त्यांचा विषय. स्पंजातून पाण्याचा प्रवाह वाहतो, हे रॉबर्ट ग्रँट यांनी १८२५ च्या सुमारास स्कॉटलंडमध्ये दाखविले होते. ज्या प्राण्याला हृदय नाही, स्नायू नाहीत, त्याच्या शरीरात हा प्रवाह चालवितो कोण? कार्टर यांनी पाण्यात रंगाचे सूक्ष्म कण सोडून त्यांचा मार्ग सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला. कण छिद्रांतून आत ओढले जात व इवल्या पिशव्यांत अडकत. त्या पिशव्यांच्या पेशींना हलणाऱ्या कशाभिका होत्या. १८५७ मध्ये त्यांनी हे निष्कर्ष प्रसिद्ध केले. १८६२ मध्ये निवृत्त होऊन मायदेशी परतल्यावर त्यांनी सागरी स्पंजांच्या वर्गीकरणास वाहून घेतले. त्यांच्याही शरीरात पाणी याच यंत्रणेने फिरते.

मानवी श्वासनलिकेतील पक्ष्माभिका कफ व धूळ घशाकडे लोटतात. विसाव्या शतकात इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने दाखविले की त्यांची अंतर्रचना, म्हणजे भोवती नऊ जोड्या व मध्ये दोन नलिका, स्पंजाच्या कशाभिकेतही तशीच असते. व्हॅनडाइक यांच्या चित्रांत हे साम्य दिसणे शक्य नव्हते. ती शवविच्छेदनावर आधारलेली होती.

नारूचे कोडे मात्र जॉन कार्टर यांना सुटले नाही. तळ्यांतील सूक्ष्म कृमी माणसाच्या शरीरात शिरून नारू होतात, असा त्यांचा तर्क होता. नारूच्या अळ्या सायक्लॉप्स या बारीक कवचधारी प्राण्यात वाढतात, हे १८७० च्या सुमारास रशियन शास्त्रज्ञ फेडचेन्को यांनी दाखविले. पाणी गाळून पिण्याच्या उपायाला त्यामुळे शास्त्रीय आधार मिळाला. भारत २००० मध्ये नारूमुक्त घोषित झाला.