बुड नसलेली किटली

महाराष्ट्रातल्या इंजिनिअरिंग कॉलेजांत कॉम्प्युटर ग्राफिक्सची ओरल म्हणजे नावांचा जप. टर्बो सीमध्ये रेषा-वर्तुळं काढून जर्नल पुरं झालं, की पोरं पाठ करायला बसत: कोहेन-सदरलँड क्लिपिंग, गुरो शेडिंग, फाँग शेडिंग, झेड-बफर. ही माणसं जाड भिंगांची, पोक्त शास्त्रज्ञ असणार असंच वाटे. प्रत्यक्षात गुरो, फाँग आणि झेड-बफरवाला कॅटमल हे तिघंही त्या वेळी पीएचडीचे विद्यार्थी होते. तेही एकाच, युटा विद्यापीठाच्या विभागात.

डेव्हिड इव्हान्स 1965 साली आपल्या जन्मगावी, सॉल्ट लेक सिटीला परतले आणि युटा विद्यापीठात संगणकशास्त्र उभं करू लागले. पैसा अमेरिकी संरक्षण खात्याच्या ‘आर्पा’चा. 1968 मध्ये आयव्हन सदरलँड येऊन मिळाले. पडद्यावर प्रकाशलेखणीनं चित्र काढू देणारा ‘स्केचपॅड’ त्यांनी 1963 मध्येच एमआयटीत दाखवला होता.

शिकायला मात्र पुस्तक नव्हतं. न्यूमन-स्प्राउल यांचं पाठ्यपुस्तक आलं 1973 साली. मग घरात, दारात जे सापडेल तेच प्रयोगाला. सदरलँडबाईंची फोक्सवॅगन बीटल हाताशी होती. 1972 मध्ये विद्यार्थ्यांनी तिच्या अंगावर रेघा आखल्या, मोजपट्ट्या घेऊन बिंदू न् बिंदू मोजला आणि गाडी संगणकात उतरवली. आँरी गुरोनं बायकोचा, सिल्व्हीचा, चेहरा घेतला. एड कॅटमलनं स्वतःच्या डाव्या हाताचा प्लास्टरचा साचा काढला. त्यावरून केलेली हाताची फिल्म पुढं ‘फ्यूचरवर्ल्ड’ या 1976 च्या चित्रपटात झळकली. त्याच कॅटमलच्या 1974 च्या प्रबंधात झेड-बफर आहे: प्रत्येक ठिपक्याची खोली लिहून ठेवायची, जवळचा ठिपका रंगवायचा, मागचा सोडून द्यायचा. इतकं साधं, पण मेमरी खाणारं. त्या काळात ती चैनच.

व्हिएतनामच्या बुई तुओंग फाँगनं 1973 मध्ये चकाकीचं गणित मांडलं. 1975 साली तो गेला, अवघ्या 32 व्या वर्षी. त्याचं आडनाव ‘बुई’. पाठ्यपुस्तकांत मात्र नावच आडनावासारखं रुळलं.

1975 मध्येच युटातल्या मार्टिन न्यूवेलला प्रयोगासाठी नवी वस्तू हवी होती. बायको सँड्रानं चहाचीच किटली सुचवली. त्यानं आलेखाच्या कागदावर ती नजरेनं रेखाटली आणि वक्रांचे आकडे टिपले. गोलाई, भोक पडलेली कडी, स्वतःचीच सावली अंगावर घेणारी तोटी: शेडिंग तपासायला याहून सोयीचं काय? त्यानं आकडे सगळ्यांना खुले ठेवले. किटलीला बुड नव्हतं, पण कुणाचं अडलं नाही. पुढं ओपनजीएलसोबत वापरायच्या ग्लट लायब्ररीत ती एका ओळीच्या आज्ञेवर हजर होऊ लागली, म्हणून पुण्या-मुंबईच्या लॅबमध्येही तीच फिरे.

मूळ किटली आज कॅलिफोर्नियात, माउंटन व्ह्यूच्या संगणक संग्रहालयात आहे. पडद्यावरच्या बुटक्या किटलीची सवय झालेल्याला ती जरा उंचच वाटते.